विनंती थांबा

६ मार्च

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर माझं पाहून घाबरली असशील. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा घसा बसलाय, एवढंच. गेले काही रविवार तू फोन करतेस आणि मी 'ती झोपलीय', 'ती शेजारी गेलीय' असं काहीबाही सांगतो, म्हणून वाटलं रीतसर लिहून कळवावं. घसाच आहे, सुटेल. तुझ्याशी फोनवर काय बोलावं हे मला कधीच सुचलं नाही. इतकी वर्षं फोन उचलायचा, 'थांब, आईला देतो' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आता देणार कुणाला? म्हणून हे पत्र. पत्रात गप्प बसलं तरी समोरच्याला ऐकू येत नाही.

लाकडाच्या वखारीसमोरचा आपला थांबा अजून तिथंच आहे. पाटी नवी लावली, निळी. वर 'विनंती थांबा', खाली इंग्रजीत 'रिक्वेस्ट स्टॉप'. जुन्या पाटीवर 'थांबा'तला काना उडाला होता, आणि माझ्या गाडीवरचा कंडक्टर, तो डबलबेल, प्रवाशांना सांगायचा की अर्धीच विनंती करा, गाडी अर्धीच थांबेल. तुला हसता हसता ठसका लागायचा. तो डबलबेल आता दातांची कवळी लावतो आणि शिट्टी वाजवता येत नाही म्हणून हळहळतो.

रिक्वेस्टवरून आठवलं. तू तिकडे वर्गात त्या शब्दावर अख्खा तास घेतलास, हे आईनं मला मागे सांगितलं होतं. नवीन आलेल्या माणसांना तिथली भाषा शिकवायची, म्हणजे आधी मागायला शिकवावं लागतं. घरमालकाकडे, डॉक्टरकडे, साहेबाकडे. तू म्हणे फळ्यावर शिडी काढलीस. सगळ्यात खाली भीक मागणं, मग नुसतं मागणं, मग रिक्वेस्ट, आणि वरच्या पायरीवर हक्कानं मागणं. आणि एक इस्त्रीवाल्या बाई उठून म्हणाल्या, 'मॅडम, आपल्याच माणसाकडे मागायचं असेल तर कुठली पायरी?' आईनं हे मला भाजी चिरता चिरता सांगितलं आणि सुरी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, 'पोरगी हुशार आहे.' ती म्हणाली, 'मी पोरीचं विचारत नव्हते.'

आमच्या वेळी इंग्रजीच्या मास्तरांनी हा शब्द फक्त रजेच्या अर्जापुरता शिकवला. 'आय रिक्वेस्ट यू' आणि पुढे ताप. ताप नसेल तर विनंतीही नाही. नोकरीत तर मी रजेचा अर्जच कधी केला नाही, हे तुला माहीत आहे. मागायचं कशाला?

सकाळी मी तुझ्या आईचे केस विंचरतो. हसू नकोस. शेजारच्या शिंपीणकाकू काल म्हणाल्या, 'अहो भाऊजी, ही वेणी आहे की दोरखंड?' तुझी आई हातातला चमचा खाली ठेवून डाव्या हातानं तोंड झाकून हसली. तिचं हसणं अजून जसंच्या तसं आहे.

तब्येतीला जप. उत्तराची घाई नाही.

बाबा


२९ मार्च

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. पत्र म्हणावं इतकी ती लांब नाही. 'घसा बसला म्हणून कुणी डाव्या हातानं जेवत नाही. आईला काय झालंय? आणि तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?'

शिक्षिका झालीस खरी. वही तपासल्यासारखं पत्र वाचतेस.

तर ऐक. जानेवारीच्या शेवटी ती न्हाणीघरात पडली. मेंदूकडची रक्तवाहिनी. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पायात थोडा जीव येतोय, हातात नाही. बोलणंही गेलं. सगळं नाही, एक शब्द राहिलाय. 'दे.' पाणी हवं असलं तरी दे, खिडकी लावायची असली तरी दे, माझा राग आला तरी दे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, सगळं घर वाहून जातं आणि दाराशी एखादी चप्पल राहते. मला ती उपमा आवडली नाही. पण ठकू, जिनं संसारात एक साडी म्हणून मागितली नाही, तिच्याजवळ राहून राहून हा शब्द राहावा?

तुला कळवलं नाही, कारण काळजी करशील. रजा मिळणार नाही. तुझ्या मुलांची परीक्षा, तुझे वर्ग. तिकिटं महाग. इतक्या लांबून येऊन करणार काय? आम्ही दोघं पुरेसे आहोत.

मागच्या आठवड्यात तपासणीला नेलं तिला. रिक्षावाला येतो म्हणाला आणि आला नाही, म्हणून थांब्यापर्यंत हळूहळू चालत गेलो. ती बाकावर बसली, मी तिच्या शेजारी ताठ उभा. गाडी आली आणि भर्रकन निघून गेली! मी ओरडलो, 'अरे, डोळे आहेत की बटणं?' दुसरी आली, तीही गेली. मला तर घाम फुटला. हे आजकालचे ड्रायव्हर! तेवढ्यात तिसरी वळणावर दिसली, आणि तुझ्या आईनं डाव्या हातातली पिशवी जमेल तेवढी उंच धरली. गाडी थांबली. मी हातच केला नव्हता, ठकू! जन्मभर काचेच्या आतून दुसऱ्यांचे हात पाहिले. बाहेर उभं राहिल्यावर आपण हात करायचा असतो, हे लक्षातच आलं नाही. ड्रायव्हर तरुण होता, म्हणाला, 'आजोबा, आजींना कळतं ते तुम्हाला कळत नाही होय?' तुझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या संसाराचं पाहणं होतं ते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'मुलं किती?' म्हटलं, एक मुलगी, लांब असते. 'बोलावून घ्या. असा झटका पुन्हा येऊ शकतो. आज माणसं ओळखतायत त्या.' मी हो म्हणालो.

तर हे असं आहे. तू विचारलंस म्हणून कळवलं. यायलाच हवं असं काही नाही.

बाबा


१८ एप्रिल

ठकू,

आशीर्वाद आहेतच.

तुझं पत्र मी वाचलं, घडी घातली, पुन्हा वाचलं. राग आला. मग राग कुणाचा आला ते कळेना, म्हणून थोडे दिवस जाऊ दिले.

तू लिहितेस, 'यायला हवं असं नाही, असं लिहून तुम्ही मला बोलावताय की घालवताय? त्या सकाळीही हेच केलंत. गाडी थांबवलीत, मला थांब म्हणाला नाहीत. आयुष्यात मला "थांब" म्हणालात ते फक्त फोनवर, आईला द्यायच्या आधी.'

ती सकाळ आपल्या दोघांनाही पाठ आहे, पण मी ती समोरच्या काचेतून पाहिली आहे, तर माझ्या बाजूनंही एकदा होऊ दे. तुझ्या तिकडच्या नोकरीचं पत्र येऊन महिना झाला होता. घरात आपण तिघं त्या पत्राला वळसा घालून चालत होतो. तू मला विचारलं नाहीस, जाऊ का. मी तुला म्हणालो नाही, जा किंवा जाऊ नकोस. आई दोघांच्या मधे वाढत होती आणि दोघांच्याही ताटांकडे बघत होती. त्या दिवशी पहिली फेरी माझी होती. वळण घेतलं तर तू थांब्यावर, पायाशी ती तपकिरी बॅग. हात केला नव्हतास. विनंती थांब्यावर हात नसेल तर गाडी थांबत नाही, हा नियम मी मंत्र्यांसाठीही मोडला नसता. तुझ्यासाठी मोडला. ब्रेक दाबला, दार उघडलं. मागून एक जण ओरडला, 'कुणी हात केला नाही, मग थांबलात कशाला?' डबलबेल म्हणाला, 'गप बसा हो, मुलगी आहे त्यांची.' आणि मी तुला काय विचारलं? 'चढणार का?' जे दर थांब्यावर विचारतो तेच.

तू मान हलवलीस. नाही. मागच्या गाडीनं गेलीस.

मला वाटलं होतं, गाडी थांबवली म्हणजे झालं, मागितलं. यापेक्षा जास्त माणूस काय मागणार? इतकी वर्षं मी हेच धरून बसलो की मी मागितलं आणि तू नाही म्हणालीस. आता तुझं पत्र वाचून वाटतं, त्या उघड्या दाराबाहेर तू काही वेगळंच ऐकायला उभी होतीस.

एक विचारू? दार लागलं, गाडी हलली, आणि आरशात मला तुझा हात वर गेलेला दिसला. निरोपाचा होता, की थांबवत होतीस? मी पुढच्या थांब्यापर्यंत आरशातच बघत होतो. डबलबेलनं दोनदा घंटा दिली तेव्हा रस्त्याकडे पाहिलं.

चौथीच्या पुस्तकातली ती झऱ्याची कविता आठवते तुला? लहानपणी तुला गाडीत पुढच्या सीटवर बसवून म्हणायचो, आणि शेवटचा शब्द तू ओरडायचीस. परवा संध्याकाळी आईचा उजवा हात चोळता चोळता सहज म्हणू लागलो,

झरा म्हणाला खडकालागी, वाट मला...

आणि थांबलो, पुढचं ओठांवर येईना. तुझी आई म्हणाली, 'दे.' अगदी जागच्या जागी. मग मी पुढची ओळ म्हटली,

खडक म्हणाला, मागितली तू, कसा म्हणू मी ना?

ती एकच शब्द बोलते हे मला माहीत आहे, डॉक्टरीणबाईंनी समजावलंय. पण तो तिनं त्याच ठिकाणी ठेवला.

आता तेही सांगतो, जे तुला लिहायचं टाळत होतो. रविवारी तुझा फोन वाजला की ती खुर्चीतून डावा हात पुढे करते. 'दे.' फोनच मागते. मी पाठ फिरवून तुला सांगतो, ती झोपलीय. आधी तुला कळू नये म्हणून. आता कळलंय, तरी तू आली नाहीस तर मी तिला काय सांगू, या भीतीनं. दर रविवारी तो हात हवेत राहतो आणि मी तिच्याकडे न बघता स्वयंपाकघरात जातो.

या रविवारी देईन. नक्की.

बाबा


३० एप्रिल

चि. ठकू,

आशीर्वाद, आशीर्वाद.

दिला की नाही? बघ.

तू तिकडून काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, नुसती गुणगुण येत होती, भिंतीपलीकडच्या वर्गातून यावी तशी. पण तिचा चेहरा मी पाहत होतो. फोन कानाला इतका घट्ट लावला होता की कानाची पाळी लाल झाली. 'दे,' म्हणाली. मग हळू, 'दे, दे.' मग एकदा रागावून. रागावणं तुझ्या त्या मुसमुसण्याबद्दल असणार, रडलेलं तिला कधी चाललं नाही. शिंपीणकाकू दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. म्हटलं, 'काकू, इथं तिकीट लावू का?' तर म्हणतात, 'लावा, पण मला पहिल्या रांगेत बसवा.'

तुझी खोली काढायला घेतली आहे. सामान बरंच साठलंय. माझी जुनी टोपी आणि खाकी शर्ट तिथंच निघाले. गादीला ऊन दाखवलं. आई खुर्चीत बसून डाव्या हातानं मला हुकूम सोडते, हे इथं, ते तिथं. एका शब्दात सगळं घर चालवते आहे.

तू शेवटी मला विचारलंस, 'बाबा, लगेच येऊ का, की मुलांची परीक्षा आणि माझे वर्ग संपवून जूनमध्ये येऊ?' मी म्हणालो, 'बघ, तुझ्या सोयीनं.' फोन ठेवल्यावर आईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी म्हटलं, 'अगं, येतेय ना ती! जून काय लांब आहे?'

ये मग. जूनमध्ये दारातल्या झाडाला सावलीही चांगली असते.

बाबा


२ जून

ठकू,

विनंती विशेष.

लहानांना पत्र लिहिताना हे शब्द घालत नाहीत. लहानांना आशीर्वाद द्यायचे, विनंती मोठ्यांना करायची, असं शाळेत फळ्यावर लिहून घोटून घेतलं होतं. आयुष्यभर तुला आशीर्वादच पाठवत आलो. ते फुकट असतात आणि परत येत नाहीत. आज मी हे वरचे शब्द जाणून लिहिले आहेत. ते खोडले नाहीत.

घर आवरून झालं. शिंपीणकाकू दोन वेळा डबा ठेवून जातात. डबलबेल रोज येऊन बसतो, कवळी काढून रुमालात ठेवतो आणि पुन्हा लावतो. खुर्ची कुठे ठेवायची हे मला सुचत नाही. खिडकीशी ठेवली तर तिची वाटते, आणि भिंतीशी ठेवली तर कुणाचीच वाटत नाही.

त्या दुपारचं तू पुन्हा पुन्हा विचारतेस. नवीन काही सांगण्यासारखं नाही. जेवण झालं होतं. मी केस विंचरत होतो, आणि वेणी पहिल्यांदाच बरी जमली होती. ती आरशात बघून म्हणाली, 'दे.' मी आरसा दिला. तो तिला नको होता. तिचा हात तसाच पुढे राहिला, मग मी माझा हात दिला. तो तिनं धरला. बस.

तू विमानाच्या तिकिटाची तारीख बदलायला धावलीस, पण पोचणं शक्य नव्हतं, हे मला समजतं. त्यात तुझं काही चुकलेलं नाही. तारीख तू मला विचारली होतीस.

आरशातल्या हाताबद्दल तू कळवलंस तेही वाचलं. 'ऊन होतं, बाबा. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून हात धरला होता.' वाचून मी एकटाच हसलो. इतकी वर्षं त्या हाताचे मी अर्थ लावत होतो, कवितेचं रसग्रहण करावं तसे. आणि ते ऊन!

आणि परवा फोनवर तू म्हणालीस, 'आता कुणासाठी येऊ?' सवयीनं 'थांब' म्हणालो आणि पुढचे शब्द नव्हते, कारण फोन द्यायला कुणी नव्हतं. तू थोडी थांबलीस, मग ठेवलास. त्या प्रश्नाचं उत्तर लिहितो आहे, म्हणून हा कागद.

तुझ्या त्या इस्त्रीवाल्या बाईंचा प्रश्न मी इतके महिने डोक्यात घेऊन फिरतोय. आपल्याच माणसाकडे मागताना कुठली पायरी? हक्कानं मागावं असं वाटतं, पण हक्क ठेवला कुठे आहे मी? भीक म्हटलं तर तू दया करशील, आणि दयेनं आलेली तू मला बघवणार नाहीस. आईची बातमी सांगून बोलावणं सोपं होतं, तिच्या नावाआड उभं राहता येत होतं. आता ते नाव पुढे करायला ती नाही. उरतो तो मधला शब्द. तुम्ही वर्गात काय शिकवता ते मला नक्की ठाऊक नाही, पण आमच्या पाटीवरून मला त्याचा अर्थ असा कळला की ज्याच्याकडे विनंती केली त्याला 'नाही' म्हणायची मोकळीक असते. तेवढ्यालाच मी आयुष्यभर घाबरलो.

तर, ठकू, ये. तुझ्या सोयीनं नाही. लवकर ये. आईसाठी नाही, ती आता कशाला वाट बघेल? माझ्यासाठी ये. मला फोनवर बोलता येत नाही, समोर बसून कदाचित थोडं येईल. नाही आलं तर कविता म्हणू, शेवटचा शब्द तू म्हण. महिना राहा, आठवडा राहा, एक दिवस राहा. मला तू हवी आहेस. तू मार्चमध्ये विचारलं होतंस ना, तुम्हाला माझ्याकडून काय हवंय? हे.

काल बँकेत जायला थांब्यावर गेलो. एकटाच. वळणावर गाडी दिसली आणि हात वर करायचा, तर तो जणू दुसऱ्याचा असावा इतका जड. केला. जरा उशीरच झाला. नवीन ड्रायव्हर होता, बोलण्यात गुंग असावा, निघून गेला. त्याच्यावर राग नाही. असं मीही कितीदा गेलो असेन.

तुला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, मी ऐकेन. पण एवढं लक्षात असू दे. थांब्यावरचा माणूस गाडी निघून गेली तरी हात लगेच खाली घेत नाही. आरशात मी हे रोज पाहत आलो. गाडी लहान होत जाते, आणि तो अजून तसाच उभा असतो, हात वर करून.

बाबा